वर गेलेला डबा

मंगळवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी क्रेनचा हुक हवेत थांबला. हुकाला लोखंडी सळयांची दीड टनाची मोळी होती. ती अकराव्या मजल्याच्या स्लॅबवर उतरायची होती. नवव्या मजल्यापर्यंत आली आणि तिथेच हळूहळू गरगरत राहिली.

खाली वाळूच्या ढिगाशेजारी सिग्नलवाला उभा होता. त्याने उजवा हात वर करून तर्जनी गोल फिरवली. म्हणजे, उचल. हुक हलला नाही. त्याने पुन्हा बोट फिरवलं, मग वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"दादा, उचला."

वॉकीटॉकीत नुसती खरखर झाली.

"दादा, मोळी फिरतीये. उचला, नाहीतर खाली घ्या."

"कोण... कोण बोलतंय?" वरून आवाज आला. जीभ जड झालेल्या माणसाचा आवाज.

चौदा वर्षं दोघं एकाच क्रेनवर होते, एक वर केबिनमध्ये, एक खाली जमिनीवर. चौदा वर्षांत दादांनी त्याला शिव्या घातल्या होत्या, गाणी ऐकवली होती, जावई शोधायला सांगितलं होतं. कोण बोलतंय असं कधी विचारलं नव्हतं. सिग्नलवाल्याने शिट्टी फुंकली आणि दोन्ही हात पसरून मोळीखालच्या माणसांना बाजूला काढायला सुरुवात केली. बाराजण होते. शेवटचा मोबाईलवर बोलत निवांत चालत होता, त्याला त्याने मानगुटीला धरून ढकललं.

सुपरवायझर धावत आला. "काय झालं रे हातवारे?"

साइटवर त्याला सगळे हातवारे म्हणत. फोनवर बोलतानासुद्धा त्याचे हात चालायचे म्हणून.

"दादांची साखर उतरलीये."

"तुला इथून काय दुर्बिणीतून दिसली?"

कँटीनमध्ये घुसून हातवारेने साखरेच्या पुड्या मूठभर उचलल्या, खिशात कोंबल्या, पाण्याची बाटली पट्ट्यात खोचली आणि क्रेनच्या खांबातल्या शिडीला हात घातला. केबिन बेचाळीस मीटरवर होती. गुडघा दुखतो म्हणून सहा वर्षांत तो या शिडीवर चढला नव्हता. आज मात्र पहिल्या दोन टप्प्यांत त्याला दम लागला नाही. गेल्या सहा आठवड्यांत त्याचं अडीच किलो वजन उतरलं होतं. कोणाच्या डब्यामुळे, ते त्याला ठाऊक होतं. ते आठवल्यावर त्याचा दम गेला.

सगळं सुरू झालं ते वार्षिक तपासणीपासून. एक्कावन्न वर्षांच्या ऑपरेटरच्या, म्हणजे दादांच्या, रक्तात साखर सापडली. कंपनीने नेमलेल्या डॉक्टरबाईंनी त्याला क्रेनवरून उतरवलं नाही, पण कागदावर अट घातली: रोज गोळी, ठरलेलं जेवण, आणि दोन महिने जेवणाची नोंद. नोंद खोटी निघाली तर फिटनेसचा दाखला रद्द. खाली ऑपरेटरची सही.

परगावी शिकणाऱ्या मुलीने आईच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. खाल्लेला पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने चढवतो, त्याचा आकडा ते सांगायचं. पंचावन्नपर्यंत हिरवा, सत्तरच्या पुढे लाल, मधला पिवळा. उकडलेले हरभरे अठ्ठावीस, पांढरा भात त्र्याहत्तर, उकडलेला बटाटा अठ्ठ्याहत्तर. वहिनी, म्हणजे दादांची बायको, कपड्यांच्या कारखान्यात कटर होत्या. एका वेळी कापडाचे चाळीस थर कापायचे, आणि एका धाग्याची चूक म्हणजे चाळीस सदऱ्यांची चूक, अशी सवय. त्यांनी ॲपही तसंच हाती घेतलं. हरभरे तराजूवर मोजायच्या, डब्याचा फोटो काढायच्या, ग्रॅम भरायच्या. दुपारी एकला ॲप विचारायचं, 'खाल्लं का?' ते खरं कळावं म्हणून त्या हातवारेला फोन करायच्या, कारण डबा दोरीने वर पाठवायचं काम त्याचं होतं. ऑपरेटर सकाळी चढला की संध्याकाळीच उतरायचा.

"भाऊजी, डबा वर गेला का?"

"गेला वहिनी."

"संपला का?"

"चाटूनपुसून."

वहिनी 'हो' दाबायच्या आणि दिवस हिरवा व्हायचा.

पहिले तीन दिवस हे अक्षरशः खरं होतं. चौथ्या दिवशी वॉकीटॉकीवर दादांचा आवाज आला, "हातवारे, मी काय घोडा आहे का रे? चौथा दिवस हरभऱ्यांचा. तुझ्या डब्यात काय आहे?"

हातवारेच्या डब्यात भात होता, बटाटे होते आणि वर दोन पाव होते. त्याच्या घरी सासूबाई राहत. जावयाचा डबा भरणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलेलं खातं होतं, आणि झाकण सहज लागलं तर डबा भरलाच नाही असं त्या समजत. तो कधीच संपायचा नाही, उरलेलं घरी नेलं की सासूबाईंचं तोंड पडायचं, म्हणून तो रोज कुत्र्यांना घालायचा.

"एकदाच हं दादा," तो म्हणाला होता.

वहिनींच्या डब्यातलं त्याने आपल्या झाकणात ओतलं आणि आपलं वहिनींच्या डब्यात. डबा वर गेला. वहिनींचा फोन आला. डबा वर गेला होता हे खोटं नव्हतं, आणि तो संपला हेही खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, जमलं की. 'एकदाच'चं रोजचं झालं. तेहतीस दिवस.

डॉक्टरबाईंनी पाचव्या आठवड्यात रक्त तपासलं, साखर तशीच चढलेली. त्यांनी ॲप वरपासून खालपर्यंत पाहिलं. एकही दिवस लाल नाही. "जेवण तर पुस्तकात छापावं असं आहे," त्या वहिनींना म्हणाल्या. "मग गोळीच कमी पडतीये." आणि गोळी दुप्पट केली. त्या दिवशी वहिनींनी हे हातवारेला फोनवर सांगितलं, काळजीने आणि थोड्या अभिमानानेही. त्याने त्या दिवशी हरभरे खाल्ले नाहीत, कुत्र्यांना घातले. दुसऱ्या दिवशी खाल्ले.

दुप्पट गोळी आणि वाडगाभर भात यांचं दहा दिवस बरं जमलं. मग रविवारी सासूबाई आठवड्यासाठी धाकट्या मुलीकडे गेल्या. हातवारेच्या बायकोची कामाची पाळी पहाटेची, तिने सांगून टाकलं, "आई येईपर्यंत कँटीन." सोमवारी अदलाबदल करायला त्याच्याकडे काही नव्हतं. डबा जसा आला तसा वर गेला. संध्याकाळी उतरल्यावर दादा म्हणाले, "आज हात जरा थरथरत होता रे. म्हातारा झालो." हातवारे हसला होता.

केबिनचं दार त्याने बाहेरून उघडलं तेव्हा ऑपरेटर खुर्चीत ताठ बसलेला होता. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, दोन्ही हात लिव्हरपासून चार बोटं वर अधांतरी.

"दादा, तोंड उघडा."

"चल नीघ! कोणी सोडलं तुला वर?"

"उघडा म्हणतो ना!"

"माझी क्रेन आहे ही. माझी..." त्याने हातवारेला कोपराने ढकललं. पाठीशी दार उघडं होतं. हातवारेने एका हाताने चौकट धरली, दातांनी पुडी फाडली आणि लहान मुलाला औषध पाजावं तशी साखर त्याच्या गालात सोडली. वर पाणी. दुसरी पुडी. तिसरी. अर्धी साखर दाढीवर सांडली. खाली मोळी अजून फिरत होती, आणि वाऱ्याने केबिन इतकी डोलत होती की हातवारेला आपणच डोलतोय असं वाटत होतं.

दहा मिनिटांनी ऑपरेटरने त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"तू इथे काय करतोयस? गुडघा?"

"राहू दे गुडघा. लिव्हरला हात लावू नका. पलीकडच्या क्रेनचा ऑपरेटर येतोय."

"मी उतरवतो की मोळी. ठीक आहे मी."

"हात लावू नका म्हटलं ना दादा."

त्याने हात मागे घेतले, मांड्यांखाली घातले. बराच वेळ तो काचेतून खाली बघत होता.

"खाली कोण होतं?"

"बाराजण."

मग ऑपरेटरचं डोकं ताळ्यावर आल्याची खूण म्हणून की काय, तो व्यवहाराचं बोलू लागला. "डब्याचं काही बोलू नकोस. तुझ्या वहिनीजवळ तर नाहीच."

"आणि डॉक्टरबाईंजवळ?"

"वेडा आहेस का? कागदावर सही आहे माझी. मला या खुर्चीवरून उतरवलं तर खाली मी काय करू? तुझ्यासारखे हात हलवू? तुझ्या सासूबाई कधी येतायत?"

"रविवारी."

"मग झालं तर! सोमवारपासून तुझा डबा सुरू. साखर आपोआप जागेवर. दहा दिवस काही झालं होतं का सांग?"

काही झालं नव्हतं हे हातवारेला मान्य करावं लागलं. इतकं सरळ गणित त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि त्यात कुठे खोट आहे हे त्याला बोट ठेवून दाखवता येत होतं. पण तेवढ्यात पलीकडचा ऑपरेटर शिडीतून डोकं काढून म्हणाला, "काय गप्पा चालल्यात? चहा मागवू का?" चार पंचवीसला त्याने मोळी खाली टेकवली. कोणाला काही लागलं नाही.

अँब्युलन्समध्ये मोजली तेव्हा, एवढी साखर पोटात जाऊनही, रक्तातल्या साखरेचा आकडा एकसष्ट होता; सत्तरच्या खाली धोका.

दवाखान्यातली ती खोली अरुंद होती. एक पलंग, एक स्टूल, एक टेबल, भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं चित्र. ऑपरेटर सलाईन लावून आडवा होता. वहिनी कारखान्यातून तशाच आल्या होत्या, माप घ्यायची फीत गळ्यातच राहिलेली. त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, मग पायाला, मग हातवारेकडे वळल्या.

"भाऊजी, तुम्ही वर चढलात म्हणे. तुमचे उपकार कसे फेडू?"

हातवारेने पलंगाच्या पायाकडे पाहिलं. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. खिशात घातले तर साखरेच्या रिकाम्या पुड्या लागल्या.

सहाला डॉक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या, बोलायला तुटक. त्यांनी वहिनींचा फोन मागून घेतला आणि अंगठ्याने आठवडे मागे सरकवत गेल्या.

"कालचं, आजचं जेवण हेच? हेच वजन?"

"हेच. शंभर ग्रॅम हरभरे, गाजर, एक सफरचंद. कमी-जास्त नाही."

"आणि गेले दहा दिवसही हेच."

"दीड महिना हेच."

"गोळी दोनदा तर घेतली नाहीत ना?" हे ऑपरेटरला.

"नाही."

"दुपारचं जेवण चुकवलंत?"

"नाही." हे खरं होतं, आणि त्याने ते खऱ्या माणसाच्या आवाजात सांगितलं.

डॉक्टरबाईंनी ओठ दुमडले. "जेवण तेच, गोळी तीच. दहा दिवस काही नाही आणि आज एकदम एवढी घसरण. म्हणजे ही गोळी यांना मानवत नाही, असंच धरावं लागेल. दुसरं औषध सुरू करू. आठवडाभर घरी बसा, सोमवारी रक्त बघू. रिपोर्ट ठीक आला तर फिटनेसचं पाहता येईल."

पलंगावरून ऑपरेटरने हातवारेकडे पाहिलं. 'सांगितलं होतं ना' असं ते पाहणं होतं. आठवडाभर घर, सोमवारी क्रेन, सोमवारी सासूबाईंचा भात. आणि आज लिहिलं जाणारं औषध हरभरे खाणाऱ्या माणसाचं. हातवारे ते गणित मनात पुढे सोडवत गेला. सासूबाई आजारी पडतील. लग्नाला जातील. म्हाताऱ्या आहेत, कधीतरी जातीलच. प्रत्येक वेळी वर एक हुक असेल आणि खाली मोबाईलवर बोलत चालणारा एकजण.

"भाऊजींना विचारा हवं तर," वहिनी म्हणत होत्या. "डबा तेच पाठवतात वर. रोज मला सांगतात."

डॉक्टरबाई सहज वळल्या. "हो का? डबा हेच खातात ना, पूर्ण?"

हातवारेने उजवा हात आडवा धरला, तळवा जमिनीकडे. साइटवर त्याचा अर्थ, थांब. कोणाला काही कळलं नाही.

"यांचा डबा मी खात होतो," तो म्हणाला. "माझा डबा हे खात होते. भात, बटाटे, पाव. तेहतीस दिवस. फक्त पहिले तीन दिवस आणि काल, आज यांनी स्वतःचा खाल्ला."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तू खालीच राहायला हवं होतंस," ऑपरेटर म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "तुम्हाला कल्पना आहे मी गोळी कशावर वाढवली ती? या हिरव्या रंगावर. तुमच्या शब्दावर." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं. मग त्या वहिनींना म्हणाल्या, "आता मला खरं काय ते हवं. निदान गोळी वाढवल्यापासूनचं, जमलं तर सगळं. मी आठपर्यंत आहे. त्याशिवाय मी औषधही लिहिणार नाही आणि दाखलाही."

"आणि खरं कळल्यावर दाखला?" वहिनींनी विचारलं.

"ते मी आत्ता सांगू शकत नाही. नोंद खोटी होती, हे मला कंपनीला कळवावं लागेल."

त्या गेल्या. नुसतं नाव लिहिलेला फिटनेसचा अर्ज तेवढा स्टुलाशेजारच्या टेबलावर राहिला.

वहिनी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. हातवारे दोन हात लांब उभा राहिला. शिव्या येतील, निदान रडं तरी येईल, म्हणून तो वाट बघत होता. वहिनींनी गळ्यातली फीत काढली, बोटांभोवती घट्ट गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"तेहतीस दिवस?"

"हो वहिनी."

"पहाटे पाचला उठून मी हरभरे मोजत होते."

त्याने खिशातली रिकामी पुडी मुठीत चुरगाळली.

"कसा होता डबा?"

हातवारेला प्रश्न नीट कळायला वेळ लागला. "चांगला होता. मीठ जरा कमी असायचं."

"मुद्दाम कमी घालत होते. रक्तदाबाचं पण बघायला सांगितलं होतं." त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कापड बघावं तसं. "तुमची पँट सैल झालीये."

"अडीच किलो."

"हं. कोणाचं तरी भलं झालं." हे बोलताना त्यांचा आवाज फाटला, पण तेवढंच. त्यांनी फोन उघडला. "बसा इथे. मागून सुरुवात करू. परवा रविवार. शनिवारी काय होतं?"

"वहिनी, मी..."

"शनिवारी काय होतं, भाऊजी?"

"भात. बटाट्याची भाजी. दोन पाव."

"भात किती? वाडगा का दीड वाडगा?"

"झाकण दाबून लावावं लागतं इतका."

वहिनींनी हरभरे पुसले आणि भात घातला. शनिवार लाल झाला. शुक्रवारही लाल. गुरुवारी भाताऐवजी नुसते बटाटे आणि पाव होते, तोही लाल. बुधवारपर्यंत हातवारेला आठवलं. त्यामागचे दिवस सगळे एकाच वासाचे झाले होते. तो उठला, दोन पावलं गेला, परत आला, बसला.

"आठवा ना."

"मी ते खाल्लं नाही वहिनी. मी ओतून द्यायचो. तुमचे डबे विचारा, सगळे सांगतो. मंगळवारी हरभरे जरा कडक राहिले होते, सोमवारी गाजर जास्त शिजलं होतं."

"मला माझं पाठ आहे. दुसरा डबा कोण भरतं?"

त्याने सासूबाईंना फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला, पलीकडे भांड्यांचा आवाज.

"जावईबापू! जेवताय ना नीट? कँटीनचं काय ते पाण्यासारखं..."

"आई, जेवतोय. एक सांगा. गेल्या महिन्यात डब्यात कोणत्या दिवशी काय दिलं होतं, आठवतंय का?"

पलीकडचा आवाज थांबला. "का हो? काही बाधलं का तुम्हाला?"

"मला नाही," तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्या हातातून फोन घेतला, बाकावर उताणा ठेवला आणि स्पीकर लावला. "मावशी, मी यांच्या क्रेनवाल्या ऑपरेटरची बायको. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. सावकाश सांगा."

सासूबाईंना सगळं आठवत होतं. कोणत्या सोमवारी बटाटे संपले म्हणून भात दुप्पट घातला, कोणत्या बुधवारी वर साखरेचा शिरा दिला, आणि तो डबा कसा स्वच्छ परत आला, तेव्हा आपल्याला किती बरं वाटलं. वहिनींचा अंगठा चालत होता. हातवारे शेजारी बसून हात मांड्यांवर दाबून धरत होता. मधे सुपरवायझरचे दोन फोन येऊन गेले, उद्या वर कोण बसणार ते विचारायला. त्याने उचलले नाहीत. आतून एकदा खोकल्याचा आवाज आला. वहिनी उठल्या, दारातून पाहिलं, परत आल्या.

"जागे आहेत," त्या म्हणाल्या. "बोलत नाहीत. पुढे सांगा मावशी."

सात वाजून दहा मिनिटांपर्यंत तेहतीसपैकी एकवीस दिवस दुरुस्त झाले होते. डॉक्टरबाई आपल्या खोलीत होत्या. औषध लिहिलेलं नव्हतं, आणि टेबलावरच्या अर्जात ऑपरेटरचं नाव सोडता बाकीचे सगळे रकाने कोरे होते.